एका ऑर्डरचा माग: सर्व्हरलेस प्रणालीतील लॉग आणि कोरिलेशन आयडी

पुस्तके विकणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर ग्राहकाने ऑर्डर दिली, खात्यातून पैसे वळते झाले, पण पावतीचा ईमेल काही आला नाही, अशी तक्रार मदतकक्षाकडे येते. हाताशी असतो तो फक्त ऑर्डर क्रमांक आणि साधारण वेळ. सगळी प्रणाली एकाच सर्व्हरवर चालत असेल, तर लॉगची, म्हणजे प्रणालीने आपल्या कामाच्या लिहिलेल्या नोंदींची, फाइल उघडून त्या वेळेपासून खाली वाचत गेले की बहुतेकदा उत्तर सापडते. सर्व्हरलेस प्रणालीत ऑर्डर स्वीकारणारे फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा कोडचा छोटा तुकडा, वेगळे, पैशांची खातरजमा करणारे वेगळे, पुस्तकांचा साठा कमी करणारे वेगळे आणि पावती तयार करून पाठवणारे आणखी वेगळे असते. या प्रत्येकाच्या नोंदी आपापल्या जागी साठतात आणि कोणत्या ठिकाणची कोणती ओळ या ग्राहकाच्या ऑर्डरची आहे, हे त्या ओळींकडे पाहून सांगता येत नाही. त्या ओळी एकमेकींशी जोडण्यासाठी जो सामायिक ओळखक्रमांक वापरतात, त्याला कोरिलेशन आयडी म्हणतात.

सर्व्हरलेस म्हणजे सर्व्हर नसतोच असे नव्हे. तो कोणता, कुठे आणि किती, याची काळजी आपण करायची नसते. अ‍ॅमेझॉनने नोव्हेंबर २०१४ मध्ये लॅम्डा ही सेवा जाहीर केली आणि पुढे मायक्रोसॉफ्ट व गूगल यांनीही तशाच सेवा आणल्या. या लेखातील उदाहरणे लॅम्डाची आहेत, पण तत्त्व सगळीकडे तेच राहते. आपण फंक्शनचा कोड सोपवायचा. कोणती तरी घटना घडली, म्हणजे संकेतस्थळावरून विनंती आली, रांगेत मेसेज पडला किंवा तक्त्यात नोंद बदलली, की ते फंक्शन चालते आणि काम संपले की थांबते. लॅम्डाची एक फेरी, म्हणजे फंक्शन एकदा सुरू होऊन थांबेपर्यंतचे काम, जास्तीत जास्त १५ मिनिटे चालू शकते. एकाच वेळी शंभर विनंत्या आल्या तर त्याच फंक्शनची शंभर स्वतंत्र वातावरणे उभी राहतात आणि क्लाउडवॉच या लॉगसेवेत प्रत्येक वातावरणाच्या नोंदींचा प्रवाह वेगळा ठेवला जातो. त्यामुळे चार फंक्शनांचे चार लॉगगट असतातच, शिवाय त्या प्रत्येक गटातही नोंदी अनेक प्रवाहांत विखुरलेल्या असतात.

लॅम्डा प्रत्येक फेरीला स्वतःचा रिक्वेस्ट आयडी देतेच, मग आणखी एक क्रमांक कशाला, असा प्रश्न येथे साहजिकच पडतो. मोठ्या रुग्णालयातील केसपेपरची पद्धत आठवली तर फरक लगेच कळेल. रक्ततपासणीच्या खोलीत रुग्णाला तेथील वहीतला एक क्रमांक मिळतो, एक्स-रे विभागात दुसरा, औषधाच्या खिडकीवर तिसरा. हे क्रमांक त्या त्या विभागापुरते उपयोगी असतात, पण सगळे कागद एकाच रुग्णाचे आहेत हे ठरते ते केसपेपरच्या क्रमांकावरून, कारण तो पहिल्या खिडकीवर दिला जातो आणि पुढे प्रत्येक चिठ्ठीवर उतरवला जातो. रिक्वेस्ट आयडी हा विभागाच्या वहीतला क्रमांक, तर कोरिलेशन आयडी हा केसपेपरचा. दोन्ही लागतात, आणि एकाच्या जागी दुसरा का चालत नाही ते पुढे दिसेलच.

हा क्रमांक जन्माला घालायचा तो प्रणालीच्या वेशीवर, म्हणजे जेथे बाहेरची घटना पहिल्यांदा आत येते तेथे. विनंती एपीआय गेटवे या बाहेरच्या विनंत्या आत घेणाऱ्या सेवेमार्फत येत असेल तर त्या गेटवेने दिलेला रिक्वेस्ट आयडीच कोरिलेशन आयडी म्हणून वापरता येतो, किंवा पहिल्या फंक्शनने एखादा यूयूआयडी, म्हणजे सहसा पुन्हा न येणारा लांब ओळखक्रमांक, तयार करावा. चौथ्या प्रकारच्या यूयूआयडीमध्ये १२२ बिट यादृच्छिक असतात, त्यामुळे दोन प्रवासांना (एकेका घटनेपासून सुरू झालेल्या कामांच्या साखळ्यांना) एकच क्रमांक मिळण्याची भीती व्यवहारात उरत नाही. दररोज मध्यरात्री आपोआप सुरू होणाऱ्या कामाला बाहेरून कोणी विनंती पाठवलेली नसते. तेथे वेळापत्रकाच्या घटनेला असलेला आयडी घ्यावा किंवा नवा तयार करावा, पण क्रमांकाशिवाय पुढे जाऊ नये.

ऑर्डर क्रमांकच का वापरू नये, असे अनेकांना वाटते. अडचण अशी की तो क्रमांक ऑर्डर तक्त्यात नोंदवली गेल्यावरच अस्तित्वात येतो, आणि कित्येक चुका त्याच्या आधीच घडतात. शिवाय तीच ऑर्डर नंतर रद्द होते, तिचे पैसे परत केले जातात. हे तीन वेगळे प्रवास आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. तेव्हा ऑर्डर क्रमांक नोंदीत जरूर असावा, पण स्वतंत्र रकाना म्हणून. मोबाइल क्रमांक किंवा ईमेल यांना मात्र या कामासाठी हातही लावू नये, कारण लॉग अनेकांच्या नजरेखालून जातात आणि क्लाउडवॉचमध्ये मुदत ठरवून दिली नाही तर कायमचे पडून राहतात.

बाहेरून येणाऱ्या विनंतीच्या हेडरमध्ये, म्हणजे तिच्यासोबत येणाऱ्या पूरक माहितीत, पाठवणाऱ्यानेच कोरिलेशन आयडी दिलेला असेल, तर तो डोळे झाकून स्वीकारू नये. त्याची लांबी आणि त्यातील अक्षरे तपासावीत, आणि त्या चौकटीत तो बसत नसेल तर टाकून देऊन नवा द्यावा. हेडरमध्ये नव्या ओळीचे चिन्ह किंवा अवाढव्य मजकूर घालून लॉगमध्ये खोट्या ओळी घुसडण्याचा प्रकार फार जुना आहे. भागीदार कंपनीचा आयडी आपल्याला हवाच असेल तर तो शेजारी वेगळ्या नावाने नोंदवावा.

वाहून नेण्याची खरी मेहनत

क्रमांक तयार करणे हे दोन ओळींचे काम आहे. कस लागतो तो त्याला प्रवासाच्या शेवटपर्यंत पोचवताना, कारण सर्व्हरलेस प्रणालीतील फंक्शने एकमेकांना थेट हाक मारतातच असे नाही; मध्ये रांगा, प्रवाह, तक्ते आणि साठवणुकीचे कप्पे असतात आणि त्या प्रत्येकात क्रमांक ठेवण्याची जागा वेगळी असते.

एचटीटीपी विनंतीचे सगळ्यांत सोपे आहे. एक्स-कोरिलेशन-आयडी अशा नावाचे हेडर लावले की झाले. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की एपीआय गेटवेच्या नव्या, दुसऱ्या आवृत्तीच्या रचनेत हेडरांची नावे छोट्या लिपीत बदलून येतात, तर जुन्या रचनेत पाठवणाऱ्याने लिहिली तशीच येतात. नाव अक्षरशः जुळवून पाहणारा कोड एका ठिकाणी चालतो आणि दुसऱ्या ठिकाणी निमूटपणे नवा क्रमांक तयार करून मोकळा होतो.

एसक्यूएस या रांगेत आणि एसएनएस या सूचनासेवेत मेसेजला जोडगुण (मजकुराबाहेरची छोटी पूरक माहिती) लावता येतात, त्यांत क्रमांक ठेवावा. एसएनएसमधून एसक्यूएसमध्ये जाणाऱ्या मेसेजचा एक सापळा आहे. कच्चा मेसेज जसाच्या तसा पोचवण्याची सोय सुरू केलेली नसेल तर एसएनएस मूळ मेसेज आपल्या लिफाफ्यात घालते, आणि जोडगुणही त्या लिफाफ्याच्या आत, मजकुराचा भाग होऊन बसतात. वाचणारे फंक्शन रांगेच्या जोडगुणांत शोधते, तेथे काही नसते, आणि धागा तुटतो. घटना पोचवणाऱ्या इव्हेंटब्रिज या सेवेत वेगळे जोडगुण नसल्याने घटनेच्या तपशिलातच माहितीचा एक छोटा कप्पा करून त्यात क्रमांक ठेवणे रूढ आहे. सलग येणारी माहिती वाहून नेणाऱ्या कायनेसिस प्रवाहाचेही तसेच. तेथे मजकुराखेरीज दुसरी जागा नाही. कामाचे टप्पे क्रमाने चालवणाऱ्या स्टेप फंक्शन्समध्ये क्रमांक सुरुवातीच्या इनपुटमध्ये द्यावा, पण एका टप्प्याचा निकाल मूळ इनपुटची जागा घेतो हा तेथील मूळ नियम आहे, त्यामुळे निकाल कुठे ठेवायचा हे स्पष्ट सांगितले नाही तर पहिल्याच टप्प्यानंतर क्रमांक गायब होतो.

खरी पंचाईत होते ती डायनॅमोडीबी या डेटाबेसच्या बदलप्रवाहात. तक्त्यातील नोंद बदलली की तिचे जुने व नवे रूप प्रवाहात येते आणि त्यावर पुढचे फंक्शन चालते. पण हा बदल कोणत्या प्रवासात झाला, हे सांगणारी कोणतीही चिठ्ठी त्यासोबत नसते. म्हणून शेवटचा बदल करणाऱ्या प्रवासाचा आयडी हा नोंदीतलाच एक रकाना करावा लागतो, आणि प्रत्येक लेखनाच्या वेळी तो अद्ययावत करावा लागतो. शुद्ध रचनेचा आग्रह धरणाऱ्यांना हे खटकते, कारण व्यवहाराच्या माहितीत तपासणीची माहिती मिसळते. तरीही मला यापेक्षा बरा मार्ग दिसत नाही. या उपायातही एक भोक आहेच. नोंद काढून टाकली की प्रवाहात फक्त जुने रूप येते आणि त्यातला आयडी असतो शेवटी बदल करणाऱ्याचा, काढून टाकणाऱ्याचा नव्हे. लॉग वाचणाऱ्याला वाटते की ऑर्डर नोंदवणाऱ्या प्रवासानेच ती पुसली. ज्या तक्त्यांत असा गैरसमज महागात पडेल तेथे आधी ‘काढायची आहे’ अशी खूण नव्या आयडीसह लिहावी आणि मग नोंद काढावी.

एस-थ्री या फाइलसाठवणुकीत फाइलसोबत आपली पूरक माहिती ठेवता येते, परंतु फाइल आल्याची जी घटना फंक्शनला मिळते तिच्यात ती पूरक माहिती नसते. ती वेगळी मागवावी लागते, नाही तर क्रमांक फाइलच्या मार्गातच घालावा लागतो.

जुना क्रमांक नव्या प्रवासाला चिकटतो तेव्हा

क्रमांक नसण्यापेक्षा चुकीचा क्रमांक असणे अधिक घातक, आणि लॅम्डाच्या बाबतीत हे सहज घडते. एक फेरी संपल्यावर तिचे वातावरण लगेच मोडले जात नाही. पुढची घटना आली की तेच वातावरण पुन्हा वापरले जाते आणि त्यातील जागतिक चले (फंक्शनच्या बाहेर ठेवलेली मूल्ये) आधीच्या मूल्यांसह जिवंत असतात. कोरिलेशन आयडी अशा चलात ठेवला आणि नव्या घटनेत काही कारणाने आयडी नसेल, तर आधीच्या ग्राहकाचा क्रमांक नव्या ग्राहकाच्या नोंदींवर छापला जातो. अशी नोंद वाचणारा माणूस बिनधास्तपणे चुकीच्या निष्कर्षावर जातो, कारण ओळ दिसायला निर्दोष असते. उपाय साधा आहे, पण तो अपवाद न करता पाळला पाहिजे: प्रत्येक फेरीचे पहिले काम म्हणजे जुना संदर्भ पुसणे, आणि दुसरे म्हणजे नवा भरणे.

रांगेवरून चालणाऱ्या फंक्शनमध्ये याचीच दुसरी बाजू समोर येते. लॅम्डा रांगेतून एका वेळी एकच मेसेज उचलते असे नाही. दहा मेसेज एका फेरीत हाती येऊ शकतात आणि ते दहा वेगवेगळ्या ग्राहकांचे असतात. तेथे फेरीच्या सुरुवातीला एकदा संदर्भ भरून भागत नाही, मेसेजागणिक तो बदलावा लागतो. हे दहा मेसेज एकापाठोपाठ हाताळले तर निभावते, पण जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये ते एकाच वेळी हाताळायला घेतले की सामायिक चलातील क्रमांक एकमेकांवर लिहिले जातात. अशा कामासाठी नोडमध्ये असिंक-लोकल-स्टोरेज आणि पायथनमध्ये ३.७ या आवृत्तीपासून आलेली संदर्भचले आहेत. प्रत्येक समांतर कामाला त्यांत आपापला संदर्भ मिळतो.

एकातून अनेक फांद्या फुटतात तेव्हा काय करावे, याबद्दल एकमत नाही. प्रकाशकाने ५०० पुस्तकांची यादी एका फाइलमधून चढवली आणि प्रत्येक पुस्तकासाठी रांगेत एक मेसेज पडला, तर सर्वांना एकच आयडी द्यावा का? दिला तर संपूर्ण यादीचे काय झाले ते एका शोधात दिसते, पण ३१७ व्या पुस्तकाची कथा त्या गर्दीत हरवते. मला दोन आयडींची पद्धत पटते: मूळ प्रवासाचा आयडी सर्वांना सारखा, आणि शिवाय प्रत्येक फांदीला स्वतःचा एक. रकाना एक वाढतो, पण शोधणाऱ्याला दोन्ही बाजूंनी आत शिरता येते. उलट दिशेने, अनेक मेसेज गोळा करून एकच हिशेब करणाऱ्या फंक्शनने नवा आयडी घ्यावा आणि आपण कोणकोणत्या आयडींपासून सुरुवात केली हे एका ओळीत नोंदवावे.

लॉगमधली ओळ कशी असावी

आयडी वाक्यात गुंफलेला असेल तर माणसाला वाचता येतो, पण शोधयंत्राला ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक नोंद जेसन, म्हणजे नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या, स्वरूपात लिहावी: वेळ, पातळी, फंक्शनचे नाव, रिक्वेस्ट आयडी, कोरिलेशन आयडी, संदेश आणि लागेल तसा ऑर्डर क्रमांक, प्रत्येकाचा रकाना वेगळा. क्लाउडवॉचची इनसाइट्स ही शोधसुविधा असे रकाने आपोआप ओळखते आणि अनेक लॉगगटांत एकाच वेळी शोध घेते. नोव्हेंबर २०२३ पासून लॅम्डामध्येच जेसन लॉगची आणि अनेक फंक्शनांच्या नोंदी एका ठरावीक लॉगगटात पाठवण्याची सोय आहे.

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे वळू. समजा, पावतीच्या फंक्शनला ३० सेकंदांची मर्यादा आहे. ऑर्डर क्रमांकावरून एक ओळ सापडली, तिच्यातून कोरिलेशन आयडी मिळाला, आणि तो सर्व गटांत शोधून वेळेनुसार लावल्यावर पुढील चित्र दिसले.

१०:४२:०७.११८ – ऑर्डर-स्वीकार – ऑर्डर नोंदवली
१०:४२:०७.९०४ – पैसे-खातरजमा – रक्कम जमा झाली
१०:४२:०८.२६० – साठा – दोन प्रती कमी केल्या
१०:४२:०९.०११ – पावती – काम सुरू
१०:४२:०९.०४७ – पावती – बाह्य सेवेकडून बोधचिन्ह मागवले
१०:४५:०९.३३२ – पावती – काम सुरू
१०:४५:०९.३६८ – पावती – बाह्य सेवेकडून बोधचिन्ह मागवले

काम दोनदा सुरू झाले आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबले. दोन्ही खेपांचा कोरिलेशन आयडी तोच आहे, रिक्वेस्ट आयडी मात्र वेगळे आहेत; म्हणजे ग्राहकाने दोन ऑर्डरी दिलेल्या नाहीत, तर रांगेने तोच मेसेज पुन्हा दिला. मधली तीन मिनिटे म्हणजे मेसेज रांगेत लपवून ठेवण्याची मुदत, जी फंक्शनच्या मर्यादेच्या किमान सहापट ठेवावी असे अ‍ॅमेझॉनच सुचवते. पण चूक कोणती, हे सांगणारी ओळ या यादीत नाही. कारण वेळ संपल्याची ओळ आपला कोड लिहीत नाही. कोड तोवर अर्ध्यात तोडलेला असतो. ती ओळ लॅम्डा स्वतः लिहिते, तिला आपला कोरिलेशन आयडी ठाऊक नसतो आणि तिच्यावर फक्त रिक्वेस्ट आयडी असतो. स्मृती अपुरी पडून फंक्शन कोसळते तेव्हाही हेच होते. म्हणून आपल्या प्रत्येक ओळीत दोन्ही आयडी हवेत: कोरिलेशन आयडीने फेरीपर्यंत पोचायचे आणि रिक्वेस्ट आयडीने त्या फेरीचा शेवट पाहायचा.

ठरलेले प्रयत्न संपले की असा मेसेज अपयशी मेसेजांच्या वेगळ्या रांगेत जातो आणि जोडगुण त्याच्यासोबत राहतात, त्यामुळे तेथूनही आयडी घेऊन मागे जाता येते. एसक्यूएसमध्ये मेसेज जास्तीत जास्त १४ दिवस राहू शकतो. खर्च वाचवण्यासाठी लॉगची मुदत सात दिवस ठेवलेली असेल, तर दहाव्या दिवशी हाती मेसेज असतो, आयडी असतो, पण त्या आयडीच्या नोंदी पुसलेल्या असतात. लॉगची मुदत अपयशी रांगेच्या मुदतीपेक्षा जास्त असावी, इतकी साधी गोष्ट बहुतेक ठिकाणी कोणी ठरवलेलीच नसते.

खर्चावरून आणखी एक उपयुक्त युक्ती सांगायला हवी. सर्व विनंत्यांच्या बारीकसारीक, डीबग पातळीच्या नोंदी ठेवणे परवडत नाही, म्हणून काही टक्केच निवडल्या जातात. पण प्रत्येक फंक्शनने स्वतंत्रपणे नशीब आजमावले तर एकाही प्रवासाची अथपासून इतिपर्यंत तपशीलवार नोंद मिळत नाही. निवड वेशीवर एकदाच करावी आणि ‘या प्रवासाच्या बारीक नोंदी ठेवा’ ही खूण कोरिलेशन आयडीसोबतच पुढे पाठवावी. एकदा वाहून नेण्याची यंत्रणा उभी राहिली की या खुणेला वेगळे कष्ट पडत नाहीत.

लॅम्डासोबत मिळणारे एक्स-रे किंवा ओपनटेलिमेट्री यांसारखी ट्रेसिंगची, म्हणजे विनंतीचा टप्प्याटप्प्याने माग ठेवणारी, साधने हेच काम करत नाहीत का? बऱ्याच अंशी करतात. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने फेब्रुवारी २०२० मध्ये मान्य केलेल्या मानकात ट्रेसपेरेंट या हेडरची रचना ठरवून दिली आहे. त्यात ३२ षोडशमान अंकांचा ट्रेस आयडी असतो, आणि कोणता टप्पा कोणत्या टप्प्यातून निघाला हेही कळते. ट्रेसचा आयडीच लॉगमध्ये कोरिलेशन आयडी म्हणून छापणे हा नव्या प्रणालीसाठी उत्तम मार्ग आहे. मात्र ट्रेस बहुधा नमुन्यादाखलच साठवले जातात. एक्स-रेचा मूळ नियम दर सेकंदाला पहिली विनंती आणि उरलेल्यांपैकी पाच टक्के, असा आहे. तक्रार करणारा ग्राहक त्या पाच टक्क्यांत असेलच असे नाही. ट्रेस साठवला गेला नाही तरी त्याचा आयडी लॉगच्या ओळीवर राहतो, म्हणून लॉगमधला आयडी सोडून चालत नाही.

हे सारे प्रत्येक फंक्शन लिहिणाऱ्याच्या लक्षात राहण्यावर सोपवले तर तिसऱ्या महिन्यात एखादे फंक्शन निसटतेच. संदर्भ पुसणे, घटनेतून आयडी काढणे, लॉगमध्ये छापणे आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेसेजला लावणे ही कामे एका सामायिक वेष्टनात (प्रत्येक फंक्शनभोवती गुंडाळलेल्या कोडमध्ये) असावीत. लॅम्डासाठीचे पॉवरटूल्स हे खुले साधन त्यातला घटनेतून आयडी काढण्याचा, संदर्भ पुसण्याचा आणि लॉगचा भाग तयार देते, पण रांगेत टाकताना आयडी लावण्याचा भाग बहुधा आपल्यालाच लिहावा लागतो. वेष्टन सर्वत्र वापरले जाते आहे की नाही, हे तपासण्यासाठी एक चाचणी पुरेशी आहे: ठरावीक आयडी घेऊन एक खोटी ऑर्डर वेशीतून आत सोडायची, काही मिनिटांनी तो आयडी सर्व लॉगगटांत शोधायचा, आणि ज्या फंक्शनचे नाव उत्तरांत आले नाही तेथे धागा तुटला असे समजायचे. याच्या जोडीला, कोरिलेशन आयडीचा रकाना रिकामा असलेल्या ओळी मोजणारा एक इशारा लावून ठेवावा. नवे फंक्शन वेष्टनाशिवाय चालू झाले की त्याच दिवशी तो वाजतो.